ज्यानं थांबवलं त्यानंच सुरू करायचं

लहान पोराचं माप घेणं म्हणजे काय ते शिवणकाम करणाऱ्यालाच विचारा. टेप काखेत घातला की गुदगुल्या. खांद्यावर ठेवला की खांदा कानाला. कमरेचं माप घ्यायला वाकलं की पोरगं दाराशी. आई ओरडते, "अरे उभा राहा की सरळ, काकू काय खातायत का तुला?" आणि माझ्या हातात नुसता टेप. शेवटी मी अंदाजानंच शिवायचे, दोन बोटं जास्त ठेवून.

पण त्याच वयाची काही पोरं यायची ती वेगळी. मी नुसतं म्हणायचे, "हं, पुतळा." की झालं. हात बाजूला, हनुवटी वर, डोळे पण हलायचे नाहीत. मी टेप फिरवते आहे, आकडा पुटपुटते आहे आणि पोरगं श्वास धरून उभं. झालं म्हटलं की अशी उडी मारायची की कात्री खाली पडायची.

ती सगळी आमच्या वन्संची पोरं. ह्यांच्या पंक्चरच्या दुकानामागं जी खोली आहे तिथं वन्संचा क्लास होता, गाण्याचा आणि नाचण्याचा, बालवाडीतल्या पोरांसाठी. वर आमचं घर, खाली दुकान, दुकानामागं क्लास. वन्सं आता नाहीत. क्लासातल्या पोरांच्या आयांनी मला सांगितलं, काकू तुम्ही लिहा, तुम्ही सगळं जवळून बघितलंय. मला लिहायची सवय नाही, शाळा लवकर सुटली. तोंडानं बोलते तसंच टाकते आहे.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "विचारायला आला तो बेताल होता." आधी त्या बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. तिथं पट्ट्यावरून पुडे यायचे आणि सगळ्या बायका एका लयीत हात चालवायच्या. वन्सं सांगायच्या, एखादी नवीन बाई आली आणि तिचा हात मागं पडायला लागला की आम्ही कुणी तिला बोलायचो नाही, नुसतं गुणगुणायचो, दुपारपर्यंत तिचा हात जागेवर यायचा. पुढं तिथं मशीन आली आणि ह्या बायका घरी. निघताना वन्संनी तिथला एक पत्र्याचा डबा आणला. बाकीच्यांनी काय काय आणलं माहीत नाही, वन्संनी डबा आणला.

मग त्या एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. पोरांना शूला नेणं, नाक पुसणं, डबे उघडून देणं. तिथल्या बाई चांगल्या होत्या. पोरं ऐकेनाशी झाली की बाई घसा फोडायच्या आणि वन्सं कोपऱ्यातून डबा वाजवत काहीतरी म्हणायला लागायच्या. पोरं गप्प नाही बसायची, पण एकत्र व्हायची. सगळी एकाच गोष्टीत. बाईच एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही इथं नाकं पुसत कशाला बसताय? स्वतःचं काहीतरी सुरू करा, मी पोरं पाठवते."

त्या संध्याकाळी वन्सं दुकानात येऊन ह्यांना म्हणाल्या, "बाळ्या, मागची खोली दे."

हे म्हणाले, "तिथं टायर आहेत."

"टायर राहू देत. पोरं टायरात बसतील."

"आणि काळी होऊन घरी गेली म्हणजे?"

"मग आया तुझ्या नावानं ओरडतील. माझ्या नाही."

खोली दिली. देणार नाहीत तर काय करतील, लहानपणी ह्यांना कडेवर घेऊन फिरवलंय त्यांनी. ह्यांनी टायर घासून धुतले, भिंतीला लावून ठेवले. मी ब्लाउजाच्या आणि फ्रॉकच्या कापडांचे उरलेले तुकडे दिले, हवेत उडवायला. बाटल्यांत खडे भरले. आरसा लावायचा का विचारलं तर वन्सं म्हणाल्या, "नको. आरसा लावला की पोरं स्वतःला बघतात, एकमेकांना बघत नाहीत." रबराचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. आता कुठंही रबराचा वास आला की मला तीच खोली आठवते.

क्लास सुरू व्हायचा तो चपलांच्या गाण्यानं. गाणं वन्संनीच जुळवलेलं.

चपला दाराशी, पाय आत या,
कोण कोण आलंय, नाव सांगा या.

प्रत्येकानं आपलं नाव त्याच चालीत सांगायचं. ज्याला सांगता येत नाही त्यानं दोन टाळ्या वाजवायच्या, ते पण नावच. एक पोरगी खूप दिवस नुसत्या टाळ्याच वाजवत होती. तिची आई दाराबाहेर उभी राहून ओठ चावायची. वन्सं तिला कधी "बोल, बोल" म्हणाल्या नाहीत. सगळी पोरं मिळून तिच्या दोन टाळ्यांना दोन टाळ्या परत द्यायची आणि पुढचं पोरगं. एक दिवस टाळ्यांबरोबर तिचं नाव बाहेर पडलं. पोरांनी काही गाजावाजा केला नाही, तिला नावच परत दिलं आणि पुढं गेली. आई मात्र बाहेर टायरावर बसून रडली. उठली तेव्हा तिच्या साडीवर हा मोठा काळा गोल.

दुसरा एक चावरा होता. खरंच चावायचा. बालवाडीतनं तक्रार, शेजारी तक्रार. वन्संनी त्याला सगळ्यात मोठा टायर ढकलायला दिला, डब्याच्या तालावर. डबा हळू तर टायर हळू, डबा जोरात तर टायर जोरात. त्याच्या अंगात जे काय भरलेलं असायचं ते सगळं त्या टायरात जायचं. चावणं एकदम नाही थांबलं. पण चावायच्या आधी तो क्षणभर थांबायला लागला. त्या क्षणात समोरचं पोरगं पळून जायचं.

सगळ्यांना वाटायचं हा नाचाचा क्लास आहे. "प्रोग्राम कधी?" असं प्रत्येक नवीन आई विचारायची. वन्सं म्हणायच्या, "रोजच असतो. तुम्ही बाहेर फोन बघत बसता म्हणून तुम्हाला दिसत नाही." तोंड फटकळ होतं त्यांचं. त्यामुळं काही पोरं गेली पण. चहा निवला तर मला सुनावायच्या, पत्त्यांत उघड उघड फसवायच्या आणि पकडलं की गाणं म्हणायला लागायच्या. सगळं गोड गोड लिहिलं तर त्याच वरून म्हणतील, कुणाबद्दल लिहिते आहेस गं?

एक बाबा होते, इंजिनिअर. त्यांनी सरळ विचारलं, "आत्या, रागावू नका, पण ह्याचा फायदा काय?" क्लासात सगळे वन्संना आत्याच म्हणायचे. वन्सं रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नाचता सगळ्यांना येतं हो. पाळण्यातलं पोर पण पाय मारतं. थांबता येत नाही. मी थांबायला शिकवते." बाबा म्हणाले, "थांब म्हटलं की थांबतो की तो घरी." वन्सं म्हणाल्या, "ते तुम्ही थांबवता. इथं तो स्वतःला थांबवतो." ते बाबा मग बरेचदा आत येऊन बसायला लागले. त्यांनीच नंतर मला नीट समजावून सांगितलं की ताल ऐकून पाय उचलायचा, मध्येच रोखायचा, आपली पाळी येईपर्यंत वाट बघायची, ह्यात लहान मुलाचं लक्ष, बोलणं, तोल सगळं एकदम तयार होतं, जाणकार लोक पण हेच सांगतात. मला तेवढं सगळं माहीत नव्हतं. मला टेपापुरतं माहीत होतं.

तर ते थांबणं. क्लासातला मुख्य खेळ तोच. डब्यावर एक जोरात टण, की सगळे जिथल्या तिथं पुतळे. मग टण टण, आणि एक टण, की परत सुरू. आधी डबा वन्संकडेच असायचा. मग पोरांना पाळीपाळीनं द्यायला लागल्या आणि मारामाऱ्या. एकानं थांबवलं की दुसरा डबा ओढून सुरू करायचा. तेव्हा वन्संनी नियम केला, ज्यानं थांबवलं त्यानंच सुरू करायचं. दुसऱ्या कुणी नाही. म्हणाल्या, "इतकी माणसं तुझ्या हातात उभी आहेत. त्यांना विसरायचं नाही."

एकदा त्या चावऱ्यानं सगळ्यांना थांबवलं आणि डबा खाली ठेवून शूला गेला. मी तेव्हा तिथंच तुकडे घडी करत होते. सगळी पोरं तशीच उभी. एक जण एका पायावर. एकीच्या डोक्यावर ओढणीचा तुकडा पडलेला, तो पण काढला नाही. आमची नात, ती तेव्हा नुकतीच क्लासात आली होती, तिच्या नाकावर माशी बसली. ती माशीकडे तिरळी बघते आहे पण हलत नाही. मी म्हटलं, "वन्सं, वाजवा की हो तुम्ही." वन्सं पण हात वर करून उभ्या. ओठ न हलवता म्हणाल्या, "मी नाही थांबवलं." शेवटी तो आला, हात पँटीला पुसत, सगळ्यांकडे बघितलं आणि त्याचं तोंड असं झालं जसं काही घराची किल्लीच त्याच्या हातात दिली. पळत जाऊन डबा उचलला. त्या दिवसानंतर तो कुणाला चावला असं मी ऐकलं नाही.

आमच्या नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. का ते सांगायला नको. जेवताना हलायची, झोपेत हलायची. सून म्हणायची, "आई, हिला खाली धरून ठेवायला एक टायर बांधा." वन्संवर तिचा जीव. मला नुसतं आजी, त्यांना आत्याआजी.

मग तो दिवस. मी चहा झाला म्हणून सांगायला खाली गेले. दार उघडलं तर सगळे पुतळे. मला हसूच आलं. वन्सं टायरांना टेकून खाली बसलेल्या, त्या पण पुतळा. मी दारातच उभी राहिले, खेळ मोडायला नको म्हणून. आणि मग मला डबा दिसला. जमिनीवर, आडवा. वन्सं डबा कधी जमिनीवर ठेवायच्या नाहीत. मग मी तोंडाकडे बघितलं. तोंड एका बाजूला गेलेलं.

मी ओरडले. हे हातातलं काम टाकून पळत आले. आणि एवढं सगळं चाललेलं असताना पोरं उभीच. रडत नाहीत, पळत नाहीत, उभी. मी एकेकाला हातानं धरून बाहेर आणलं, लाकडाच्या बाहुल्या उचलाव्या तसं. बाहेर आई दिसली की पोरगं सैल पडायचं आणि रडायला लागायचं. शेवटी भिंगरी राहिली. दोन्ही हात पंखासारखे पसरलेले. मी तिला कडेवर घेतलं तरी हात खाली करेना.

दवाखान्यात सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीव आहे. आम्ही म्हटलं जीव आहे ना, बास.

घरी भिंगरी वेगळीच झाली. बोलत होती, जेवत होती, शेजारच्या मांजराशी भांडत होती. पण कुठं गाणं लागलं की जागच्या जागी उभी. टीव्हीवर जाहिरातीतली धून लागली तरी उभी. बालवाडीत पोरं टाळ्या वाजवतायत आणि हिचे हात खाली. जिना एकेक पायरी दोन्ही पाय ठेवून उतरायला लागली, गुपचूप, आवाज न करता. आमच्या घरात असं कुणी चालत नाही. आमच्या मुलानं विचारलं, "काय गं, नाचत का नाहीस?" तर अगदी साधं सांगितल्यासारखं म्हणाली, "आत्याआजीनं थांबवलंय."

मी म्हटलं, "अगं मग मी सुरू करते." पातेल्यावर चमच्यानं टण टण, टण केलं.

ती म्हणाली, "तू कुठं थांबवलं होतंस?"

नियम तर बरोबर होता. मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते भले माणूस, म्हणाले घाबरू नका, वेळ द्या, दटावू नका. आम्ही दटावलं नाही. पण ती पाय न वाजवता घरात फिरायची ना, ते बघून हे जेवणावरून उठून खाली दुकानात जाऊन बसायचे. तिकडे बहीण पडलेली आणि इकडे हे पोर थांबलेलं. मला वाटायचं, वन्सं अशाच गेल्या तर हिला सोडवणार कोण? हे काय असं तसं विसरून जाण्यातलं पोर नव्हतं. माशी बसली तरी हललं नव्हतं ते.

मी रोज वन्संकडे जायचे. त्यांना बोलायचं असायचं आणि तोंडातून नुसतं "गा गा" यायचं. मग चिडायच्या, डाव्या हातानं चादर ओढायच्या. एक दिवस मी त्यांचे केस विंचरत होते आणि उगाच काहीतरी म्हणायचं म्हणून चपलांचं गाणं म्हणायला लागले. मी बेसूर आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून वन्संनी मला घरात गायची बंदी केलेली. मी म्हटलं, "चपला दाराशी, पाय बाहेर या," आणि पुढं चाल कुठं तरी भलतीकडेच गेली. वन्संनी डोकं हलवलं. आणि गायल्या. "पाय आ-त या." शब्द. स्पष्ट. चालीवर.

कंगवा माझ्या हातातून पडला. सिस्टर पळत आली. ती म्हणाली, "असं होतं कधी कधी. बोलणं जातं पण गाणं राहतं. म्हणू द्या त्यांना." बोलायला शिकवणाऱ्या मॅडम होत्या त्यांनी पण तेच सांगितलं, जेवढं म्हणतील तेवढं म्हणू द्या. मग काय, वन्संना पाणी हवं असलं तरी गाण्यात. "पा-णी द्या या." आणि मला ओरडायचं असलं तरी गाण्यात.

मला भिंगरीचं त्यांना सांगायचं होतं. हे म्हणाले, "कशाला? तिला त्रास." मी म्हटलं, "त्यांनी थांबवलंय, त्यांना कळायला नको?" सांगितलं. वन्संनी सगळं ऐकलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजव्यातून पण आलं पण ते त्यांना कळत नव्हतं, मी पुसलं. मग डावा हात उचलून स्टीलच्या पेल्यावर बोटानं सुरू करायचा टण टण वाजवायला लागल्या. मुलानं ते फोनवर घेतलं. आम्ही खूश. घरी येऊन भिंगरीला ऐकवलं. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "हा फोन आहे."

म्हणजे न्यायला हवं. वॉर्डात लहान मुलांना सोडत नव्हते. सिस्टर म्हणाली, "आत नको, मी त्यांना चाकाच्या खुर्चीत लिफ्टजवळ आणते. पटकन उरका."

ह्यांनी डबा आणला. आता ह्या माणसानं काय केलं होतं बघा. डबा पडला तेव्हा त्याला पोचा पडला होता आणि बुडाला चीर गेली होती. हे बिचारे रोज रात्री दुकानात बसून तो पोचा ठोकून काढत होते. आणि चिरेवर पंक्चरचा रबराचा तुकडा चिकटवला, चांगला घासून, सोल्यूशन लावून, ट्यूबला लावतात तसा. मोठ्या अभिमानानं वन्संच्या मांडीवर ठेवला. वन्संनी बोट मारलं. थड. परत मारलं. थड. डब्यात हवा भरायची असती तर उत्तम काम झालं होतं.

वन्संनी ह्यांच्याकडे जे बघितलं ना. आणि सुरात, लिफ्टजवळच्या सगळ्या माणसांसमोर, "बा-ळ्या, का-य के-लंस या!"

लिफ्टवाला हसला. हे पण हसले, रडत होते आणि हसत होते. खाली बसून नखानं तो रबराचा तुकडा सोलायला लागले. स्वतःच चिकटवलेला, निघता निघेना. "एवढं पक्कं कशाला लावलंस," असं स्वतःलाच म्हणत होते. निघाला एकदाचा.

भिंगरी सुनेचा हात धरून उभी होती. तिनं आत्याआजीला बघितलं. तोंड वाकडं, हात लोळागोळा, अंगावर दवाखान्याचे कपडे. मला भीती वाटत होती पोर घाबरेल. ती घाबरली नाही. सुनेचा हात सोडला, दोन पावलं पुढं आली आणि दोन्ही हात पंखासारखे पसरून उभी राहिली. त्या दिवशी होती तशीच. एक पाय थोडा उचललेला. मला तो पाय त्या दिवशी दिसलाच नव्हता.

वन्संनी डावा हात उचलला. टण. थांबून, टण. दुसरं जरा उशिरा आलं. आणि तिसरं येईना. हात डब्यावरून घसरून मांडीवर पडला. वन्सं तो उचलायला बघतायत, बोटं वळवळतायत, हात येत नाही वर. तोंडानं पण काही येत नाही. ज्या बाईचा ताल आयुष्यात चुकला नाही तिला एक टण वाजवता येत नव्हतं. सिस्टरनं घड्याळाकडे बघितलं. ह्यांना राहवलं नाही, ह्यांनी डब्याकडे हात नेला.

भिंगरी न हलता म्हणाली, "आबा, नको. तिचं एक राहिलंय."

हे मागं झाले. आम्ही सगळे उभे. लिफ्ट आली, दार उघडलं, आतली माणसं पण बाहेर येईनात. काय चाललंय त्यांना कळलं नसेल, पण सगळेच थांबले होते म्हणून ते पण थांबले. पोराचा तो उचललेला पाय थरथरत होता. पण खाली टेकवला नाही तिनं. वन्संनी डोळे मिटले. मला वाटतं त्यांनी मनात काहीतरी म्हटलं, कारण ओठ हलत होते. आणि हात आला वर. हळूहळू. पडल्यासारखाच पडला डब्यावर.

टण.

भिंगरीचा पाय खाली आला. मग दुसरा. आणि मग काय विचारता. लिफ्टच्या इकडून तिकडं, तिकडून इकडं, खुर्चीभोवती गोल. सिस्टर "अगं हळू, पेशंट आहेत" म्हणते आहे आणि तिचाच पाय हलतो आहे. वन्सं अर्ध्या तोंडानं हसत होत्या. अर्ध्या तोंडाचं हसू पण त्यांना पुरून उरलं.

घरी येताना भिंगरी फुटपाथवर वेगळीच चालायला लागली. दोन पावलं, मग थांबायची, खूप वेळ, मग एक. सून म्हणाली, "हे काय गं नवीन?" भिंगरी म्हणाली, "आत्याआजीचं आता असं आहे." तिला ते चुकलेलं वाटलंच नाही. तिनं तो नवीन ताल समजून घेतला आणि पायात घेतला. नंतर क्लासातली बाकीची पोरं भेटली त्यांना पण तिनं ते शिकवलं. दोन, थांबायचं, एक. मधल्या थांबण्यात सगळे एकमेकांकडे बघतात, कोण आधी पडतो म्हणून, आणि हसतात.

वन्सं पुढं घरी आल्या आणि घरीच गेल्या. गाण्यातच बोलत होत्या शेवटपर्यंत. शेवटी मला काय म्हणाल्या ते सांगते, "च-हा गा-र आहे या." खरंच गार होता. मी गरम करून आणला तोवर डोळा लागला होता, मग उठल्या नाहीत. तो चहा मी ओतून दिला नाही. ह्यांना दिला. ह्यांनी प्यायला.

क्लासाचं तुम्ही सगळे विचारता. खोली आम्ही रिकामी केली नाही, टायर आहेत तसेच आहेत. बालवाडीच्या बाई म्हणतायत मी येते. इंजिनिअरबाबा म्हणतायत मी डबा वाजवतो. त्यांचा ताल बरा आहे, वन्सं असत्या तर बरा म्हणाल्या नसत्या. मी तुकडे देईन, माझ्याकडे ते कधी संपत नाहीत. ज्यांना वाटतं हे गाणं नाचणं काय कामाचं, त्यांनी एकदा पोराला घेऊन यावं आणि बाहेर न बसता आत बसावं. मी एवढंच सांगू शकते. पोराचं माप घेताना बघते तेवढंच मला कळतं, की जे पोर आपणहून थांबू शकतं त्याला कुणी धरून ठेवावं लागत नाही.

वन्सं गेल्या त्या सकाळी भिंगरी उठून आली आणि घरातली गर्दी बघून माझ्याजवळ बसली. सगळे गप्प होते. तिनं माझ्या कानात विचारलं, "आजी, आत्याआजीनं परत थांबवलं का?"

मला रडू आवरत नव्हतं, पण ह्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. लिफ्टजवळ सुरू केलं ते त्यांनी नंतर कधी थांबवलं नव्हतं. घरी डबा उशाशी असायचा तरी नाही. पोरगी समोर नाचायची, ह्या बघत पडायच्या, पण तो थांबवायचा टण त्यांनी वाजवला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या सकाळी आलं.

मी म्हटलं, "नाही गं. सुरूच ठेवून गेली."

तिनं थोडा विचार केला आणि पाय हलवायला लागली. बसल्या बसल्या, टाचा जमिनीवर. कुणीतरी शेजारीण म्हणाली, "अगं ए, आज तरी नीट बस." भिंगरी तिला म्हणाली, "का? थांबवलंय कुणी?"